पोटोबा आणि विठोबा



‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण आपल्याकडे टोमणा म्हणून चालते. कीर्तन रंगात आले असता ज्याचे लक्ष पंगतीकडे जाते, त्याच्या अंगावर ती हमखास फेकली जाते. त्याला हसावे, आणि आपण मोठे विरक्त आहोत असे समजून पुढे चालू लागावे, हा आपला नेहमीचा प्रकार. आज या म्हणीचा जरा थांबून विचार करावा असे आम्हास वाटते. पोटोबा आणि विठोबा यांचे खरोखर वैर आहे काय? एकाला पुढे केल्याशिवाय दुसऱ्याला मागे सारता येत नाही, असे कोणत्या संतांनी सांगितले?

पाहू गेल्यास अन्नाच्या बाबतीत आपण दोन टोकांना राहतो. काहीजण पोटालाच देव करतात. जिभेला जे आवडेल ते, जेव्हा आवडेल तेव्हा, पोट तुडुंब होईपर्यंत. दुसरे काही पोटाला शत्रू मानतात. त्याला उपाशी ठेवणे, रडवणे, दटावणे यातच परमार्थ आहे अशी त्यांची समजूत असते. पहिल्याचा तोटा लवकर दिसतो. दुसऱ्याचा दिसत नाही, कारण तो भक्तीच्या वस्त्राखाली झाकलेला असतो. म्हणून या पाठात दुसऱ्याविषयी थोडे अधिक लिहिले आहे.

१. दिवेघाटातील प्रसंग

श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते. पुण्याचा मुक्काम आटोपून ती सासवडकडे चालू लागते, तो दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. तीसएक किलोमीटरची मजल, वर दिवेघाटाची चढण, आणि त्यात उपवास. वारकऱ्याच्या पायांची आणि निष्ठेची परीक्षा त्या दिवशी एकदमच होते.

काही वर्षांमागे याच घाटात आम्ही ज्या दिंडीत चालत होतो, तीतील एक वृद्ध माळकरी माउली चालता चालता खाली बसली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत, आणि बोलणे असंबद्ध. सूनबाई बरोबर होती म्हणून उलगडा झाला. सासूबाईंना साखरेचा विकार. सकाळची गोळी त्यांनी नेमाने घेतली होती, पण एकादशी निर्जळी. गोळीने रक्तातील साखर खाली आणली आणि पोटात तर कालपासून काही नाही. वाटेवरच्या सेवापथकातील डॉक्टर धावून आले आणि साखरेचे पाणी पुढे केले. तेवढ्या भ्रमातही म्हातारीने तोंड फिरविले.

“न्हाई वो माउली, इतकी वर्सं मोडली न्हाई एकादस. आता म्हातारपनी मोडू का?”

आमचे विणेकरी गळ्यात वीणा तशीच ठेवून तिच्यापाशी बसले. म्हणाले, “माउली, औषधानं व्रत मोडत न्हाई. पांडुरंग वाट बघतोय पंढरीला, आनि तुमी हितंच बसायचं म्हनता? घ्या. त्याचंच तीर्थ म्हनून घ्या.”

तिने डोळे मिटले, ते पाणी कपाळाला लावले आणि प्याली. थोड्या वेळाने भानावर आली. सासवडला संध्याकाळी सूनबाई आमच्याजवळ हलक्या आवाजात बोलली, “एकादशीचं एक बाजूला ऱ्हाऊ द्या. घरी बी असंच हाय. समद्यांना वाढून झालं का मग बसायचं. भाजी ऱ्हायली तर खायाची, न्हाई तर चटणीवर भागवायचं. शिळं असलं का म्हनत्यात, ते माझ्या ताटात टाका. मी म्हनलं का ताजं घ्या, तर म्हनत्यात, मला काय करायचंय.”

हे बोलणे आमच्या मनात रुतून बसले. घाटातली चक्कर एका दिवसाची नव्हती. सगळ्या जगाला वाढणारी ती बाई पंगतीत स्वतःला कधी मोजतच नव्हती. तिने आयुष्यभर अन्नावर प्रेम केले, पण ते दुसऱ्याच्या ताटातल्या. आपल्या ताटातल्या अन्नाशी तिचे नाते नव्हतेच.

२. ग्रंथ काय सांगतात

आता कोणी म्हणेल, देहाचे चोचले पुरवा असे सांगण्यासाठी हा लेख आहे काय? तसे नाही. आपण ग्रंथांकडेच जाऊ.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग कोणाला साधत नाही हे सांगितले आहे. तेथे अतिशय खाणारा आणि मुळीच न खाणारा अशा दोघांची नावे शेजारी शेजारी आहेत. अधाशी आणि उपाशी दोघेही एकाच पंक्तीस बसविले आहेत, हे ध्यानात ठेवावे. तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःपुरते शिजविणाऱ्याला दोष दिला आहे आणि यज्ञ करून उरलेले खाणाऱ्याला निर्दोष म्हटले आहे. म्हणजे अन्न आधी दुसऱ्याला द्यावे. परंतु उरलेले आपणही खावे, हेही त्यातच आले. उरलेले टाकावे किंवा आपण उपाशी राहावे असे तेथे नाही.

सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार येतात. आयुष्य, बळ, आरोग्य आणि सुख वाढविणारा, रसाळ आणि मनाला रुचणारा तो सात्त्विक. अतिशय आंबट, खारट, तिखट, जळजळीत तो राजस. रस गेलेला, वास मारणारा, शिळा तो तामस. सात्त्विक आहाराच्या लक्षणांत रुची आहे. बेचव खाणे म्हणजे सात्त्विक खाणे, ही आपली समजूत तेथे टिकत नाही. त्याच अध्यायात याच्या थोडे आधी आणखी एक गोष्ट आहे. जे लोक शास्त्रात नसलेले घोर तप करून देहाला पीडा देतात, ते देहाच्या आत असलेल्या परमात्म्यालाच पीडा देतात, असा तेथील अभिप्राय. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशास गीतेचा हा अर्थ मराठीत उलगडून ठेवला. ज्यांच्या घरी ज्ञानेश्वरी आहे त्यांनी सहावा आणि सतरावा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा.

आणि एकादशीचे म्हणाल, तर धर्मशास्त्र आपल्यापेक्षा दयाळू आहे. ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ पंढरपुरातच काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी इ. स. १७९० च्या सुमारास सिद्ध केला. एकादशीचा उपवास कोणी करावा याविषयी शास्त्राने वयाची मर्यादा घातली आहे. आठ वर्षांखालील मूल आणि ऐंशीच्या वरचा वृद्ध यांना सक्ती नाही. आजारी आणि अशक्त यांच्यासाठी एकवेळ जेवणे, रात्री थोडे खाणे, दूध किंवा फळे घेणे असे पर्याय आहेत. ज्यांनी व्रत मोडत नाही अशा गोष्टींत पाणी, कंदमुळे, फळे आणि दूध यांच्याबरोबर औषधही गणले आहे. दिवेघाटात विणेकऱ्यांनी सांगितले ते काही मनचे नव्हते.

३. नैवेद्य म्हणून केलेला स्वयंपाक

मग पोटोबा आणि विठोबा यांचा मेळ कसा घालावा? आमच्या मते याचे उत्तर आपल्या घरी फार दिवसांपासून आहे. ते म्हणजे नैवेद्य.

बाळ नामदेवाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. वडील दामाशेट परगावी गेले. गोणाईने नैवेद्याचे ताट मुलाच्या हाती दिले. देव जेवतो अशी त्या लेकराची सरळ समजूत. देव जेवेना तेव्हा ते रडले, रुसले, डोके आपटायला निघाले, आणि शेवटी देवाला जेवावे लागले. या कथेवर कीर्तनात नामदेवाच्या भावाविषयी पुष्कळ बोलले जाते. आम्ही वाचकांचे लक्ष गोणाईकडे वेधतो. ताट तिने केले होते. जे देव खरोखरच जेवणार आहे असे ताट करायचे, ते कसे करावे लागेल?

धान्य निवडून घ्यावे लागेल, कारण त्याच्या दाताखाली खडा येता कामा नये. भाजी ताजी घ्यावी लागेल. तिखट-मीठ बेताने घालावे लागेल. नैवेद्याचा स्वयंपाक आपण आधी चाखत नाही, म्हणून हात मोजून चालवावा लागतो आणि लक्ष चुलीवर ठेवावे लागते. आदळआपट, शिव्याशाप करून देवाचे ताट कोणी वाढत नाही. आणि हे ताट देवापुढून आपल्याकडे प्रसाद होऊन येते, तेव्हा त्याला कोणी नाव ठेवीत नाही. ‘आज मीठ कमी पडले’ असे प्रसादाला म्हणणारा माणूस आम्ही अद्याप पाहिला नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा न करणे हे व्रतच सांगितले आहे. ते व्रत पाळण्याची सोपी युक्ती म्हणजे घरचे रोजचे जेवण नैवेद्य म्हणून करणे.

आता याचा प्रपंचातला लाभ पाहा. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे असे त्यात निघाले. मिठाविषयी जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरा न भरेल इतकेच मीठ खावे. पाकिटातला खाऊ, फरसाण, बाहेरचे तळण यात किती मीठ, किती साखर, किती वेळा तापलेले तेल, हे आपल्याला ठाऊक नसते. घरच्या कढईत किती पडले ते आपल्या हाताला ठाऊक असते. घरच्या स्वयंपाकाचे अर्धे आरोग्य या ठाऊक असण्यातच आहे.

त्यासाठी पंचपक्वान्ने नकोत. ज्वारीची भाकरी, एक पालेभाजी, एक डाळ किंवा उसळ, कांदा, ताक. पंढरीच्या शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ हे वर्ष साऱ्या जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्या भाकरीला आपण गरिबाचे खाणे म्हणून ताटातून काढू लागलो होतो, तिचे गुण जगाने गायिले तेव्हा आपल्याला पटले! ज्वारीत तंतू आणि प्रथिने चांगली असतात, आणि तिची भाकरी पोटाला धरून राहते.

नव्या सुनांना आणि मुलांना भाकरी जमत नाही, तुटते, अशी तक्रार ऐकू येते. त्याचे कारण साधे आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून पाणी कढत घ्यावे, त्याने पिठाला धर येतो. एका वेळी एकाच भाकरीचे पीठ तळहाताच्या टाचेने चांगले मळावे. पीठ जुने झाले तर भाकरीला कडेने चिरा पडतात, म्हणून थोडे थोडेच दळून आणावे. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकत आले की उलटावी, आणि शेवटी निखाऱ्यावर किंवा जाळावर धरावी. आतल्या वाफेने ती फुगते. पहिल्या चार वाकड्या होतील. त्याही नैवेद्यच आहेत.

४. एकादशीचे ताट

वर्षात चोवीस एकादश्या, अधिक महिना आला तर सव्वीस. म्हणजे वारकऱ्याच्या आहारात एकादशी हा मोठाच भाग आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हीही म्हण आपल्यावरच झालेली आहे, आणि ती खोटी आहे असे छातीवर हात ठेवून आपल्याला म्हणता येणार नाही. सकाळी साबुदाण्याची तेलकट खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, मधूनमधून वेफर्स, संध्याकाळी साबुदाणे वडे, आणि रात्री पोटावर हात फिरवीत ‘आज फार जड झाले’.

साबुदाण्याशी आमचे वैर नाही. पण तो काय आहे हे माहीत असावे. कसावा नावाच्या कंदाचा चीक वाळवून, गोळ्या करून तो तयार होतो. तमिळनाडूतील सेलम हे त्याचे मोठे ठिकाण. त्यात बहुतेक सगळे पिष्टच असते. प्रथिने आणि तंतू नावापुरते. हा कसावा, बटाटा, भुईमुगाची शेंग आणि हिरवी मिरची ही चारही मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीज लोक इकडे आल्यानंतर, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढे, ती आपल्या देशात आली. तात्पर्य, ज्ञानेश्वर महाराज आणि नामदेव महाराज यांच्या काळात साबुदाण्याची खिचडी नव्हतीच, आणि एकादशी तर होती! म्हणून ‘खिचडीशिवाय एकादशी कशी’ असे म्हणण्याचे कारण नाही.

एकादशीचे साधे ताट असे करता येते. वाटीभर वरईचा भात, त्यावर दाण्याची पातळ आमटी, तिच्यात मिरची बेताची. काकडीची कोशिंबीर. उकडलेले रताळे किंवा सुरणाची भाजी. ताक. एखादे फळ. एकदा जेवावे, पोटाचा एक कोपरा मोकळा ठेवावा, आणि राहिलेला वेळ हरिपाठाला द्यावा. शिंगाड्याचे पीठ, राजगिरा हेही आलटून पालटून घ्यावे.

वरईविषयी, जिला भगर म्हणतात, एक सूचना. उपवासाच्या दिवसांत भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वरचेवर येतात, आणि अन्न व औषध प्रशासनही त्याबद्दल सावध करते. दोष भगरीचा नसतो. ओलसर हवेत तिला बुरशी धरते आणि त्या बुरशीचे विष बाधते. म्हणून सुटी, उघडी, जुनी भगर घेऊ नये. बंद पाकिटातली, तारीख पाहून घ्यावी. घरी निवडून, धुऊन, कोरड्या डब्यात ठेवावी. तिचे पीठ तर विकत आणूच नये. हवे असल्यास घरी दळून लगेच संपवावे.

ज्यांना मधुमेह आहे, विशेषतः जे इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी वारीपूर्वी आणि उपवासापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्या दिवशी औषध किती आणि केव्हा घ्यावे हे त्यांनीच ठरवायचे. निर्जळी करू नये. वाटेत एकाएकी घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात भ्रम असे झाले तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी, आणि मग काही खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दिंडीतील प्रत्येक विणेकऱ्याला आणि चोपदाराला हे ठाऊक असावे. टाळ-मृदंगाबरोबर साखरेची पुडीही दिंडीत असू द्यावी.

५. करणारीचे ताट

आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो.

घरी जो स्वयंपाक करतो, आणि तो बहुतेक घरी बाईच करते, त्याच्याशी आपण कसे वागतो त्यावर त्या घराचे अन्नाशी नाते ठरते. संत मुक्ताबाईंच्या मांड्यांची कथा आठवा. आळंदीत तिला मांडे करायचे होते. विसोबाने कुंभाराला परळ देऊ दिले नाही. बहीण हिरमुसली. तेव्हा ज्ञानदेवांनी काय केले? ‘राहू दे मांडे, काहीतरी भाकरतुकडा कर’ असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी जठराग्नी प्रदीप्त करून आपली पाठ तिच्यापुढे केली. या कथेत चमत्कार आहे तो आपल्याला करता येणार नाही. परंतु बहीण चुलीपाशी अडली असता भाऊ तिच्या मदतीला गेला, इतके तर आपल्याला करता येईल की नाही?

दिंडीत आम्ही पुरुषांना भाकऱ्या थापताना पाहतो. पीठ मळतात, पंगत वाढतात, पत्रावळी उचलतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. तेच हात घरी परतले की एकाएकी लुळे का पडतात? वारी पंढरीपर्यंत जाते. ती परत घरच्या चुलीपर्यंतही यावी.

आणि उरलेल्या अन्नाचे काय? अन्न टाकू नये हा आपला धर्म, आणि शिळे ते तामस हेही ग्रंथाचे सांगणे. या दोहोंच्या कात्रीत आजवर कोण सापडले? घरची बाई. टाकवत नाही म्हणून तिने खायचे, आणि बाकीच्यांनी ताजे घ्यायचे. अन्न वाचविण्याचे पुण्य साऱ्या घराचे आणि शिळे खाण्याचा भोग एकटीचा, ही वाटणी बरोबर नाही.

याला उपाय आहे. पहिला, अंदाज घेऊन शिजवावे, ‘आज किती जण’ हे सकाळीच विचारावे. दुसरा, आधी थोडे वाढून घ्यावे, लागले तर पुन्हा घ्यावे. तिसरा, संध्याकाळी जे जास्त होईलसे दिसते ते ताजे असतानाच शेजारी, भुकेल्या माणसाला किंवा गाईगुरांना द्यावे. चौथा, ठेवायचेच तर लवकर थंड करून झाकून ठेवावे. विशेषतः भात शिजल्यावर तासन् तास बाहेर ठेवू नये, त्यात बाधक जंतू लवकर वाढतात आणि काही वेळा पुन्हा तापवूनही त्यांचे विष जात नाही. पाचवा, सकाळी उरलेली भाकरी कुस्करून, कांदा-मोहरीची फोडणी देऊन सगळ्यांच्या ताटात चमचा चमचा पडावी. घरच्या धन्याच्या ताटात आधी पडावी. मग पाहा, दुसऱ्या दिवसापासून अंदाज कसा नेमका होतो ते!

६. शंका-समाधान

शंका : जिभेला जिंकणे हा तर परमार्थ. मग चवीचे कौतुक कशाला?

समाधान : चवीच्या मागे धावणे वेगळे आणि चव ओळखून कृतज्ञ होणे वेगळे. भाकरीचा घास नीट चावून खाल्ला तर त्याची गोडी कळते आणि थोडक्यात तृप्ती होते. मोबाइल बघत गिळणाऱ्याला चव कळत नाही, म्हणून त्याला दुप्पट लागते. जीभ जिंकण्याचा पहिला धडा म्हणजे जिभेवर काय आहे इकडे लक्ष देणे.

शंका : एखाद्या वेळी जास्त खाल्ले, पथ्य मोडले, तर मनाला फार लागते. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहावे काय?

समाधान : राहू नये. अति खाणे आणि मग रागाने उपाशी राहणे हा एकाच चाकाचा फेरा आहे. उपाशी मन पुन्हा अन्नावर तुटून पडते. चूक झाली तर नाम घ्यावे आणि पुढच्या वेळेचे जेवण नेहमीसारखे, साधे, वेळेवर घ्यावे. उपवास हा देवाजवळ बसण्यासाठी आहे, देहाला शिक्षा देण्यासाठी नाही. आणि घरात कोणी, विशेषतः वयात आलेली मुलगी किंवा मुलगा, उपवासाच्या निमित्ताने सतत जेवण टाळीत असेल, झडत चालला असेल, तर त्याला निष्ठावान म्हणून शाबासकी देऊ नका. प्रेमाने जवळ बसवून विचारा आणि डॉक्टरांना दाखवा.

शंका : आम्ही दोघेही नोकरीला. रोज घरी शिजविणे कसे जमावे?

समाधान : सगळे जमावे असा आग्रह नाही. एक वेळ तरी जमवावे. रात्री कडधान्य भिजत घालायला दोन मिनिटे लागतात. मुगाची खिचडी आणि काकडी हेही नैवेद्याला पुरे. थकून आल्यावर बाहेरचे आणावे लागले तर तेही कुरकुर न करता, सगळ्यांनी एकत्र बसून, कोणाला दोष न देता खावे.

७. पंधरवड्याचा नेम

नुसते वाचून भाकरी होत नाही. म्हणून वाचकांनी येत्या एकादशीपासून पुढच्या एकादशीपर्यंत एवढा नेम करून पाहावा.

दिवसातून एक तरी जेवण घरी शिजलेले असावे. त्याचा नैवेद्य दाखवावा. घरातील प्रत्येकाने, लहान मुलानेसुद्धा, त्यातील एक काम करावे : निवडणे, धुणे, वाढणे, ताटे उचलणे. जेवताना अन्नाला आणि करणाऱ्याला नाव ठेवू नये. कोणाच्या अंगावरून, जाडीवरून, किती खाल्ले यावरून ताटावर बोलू नये. ताटात टाकू नये. आणि करणारी पंगतीत बसल्याशिवाय कोणी पहिला घास घेऊ नये. हा शेवटचा नेम सगळ्यांत सोपा वाटतो, आणि अनुभव असा की सगळ्यांत अवघड तोच जातो.

आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरात काला होतो आणि मग पालख्या परतीच्या वाटेला लागतात. त्याच गोपाळपुरात जनाबाईचे जातेही दाखवितात. लाह्या, पोहे, दही, जे ज्याचे असेल ते एकत्र कालवून सर्वांनी एकमेकांच्या मुखी घालायचे. काल्यात कोणाचे शिळे, कोणाचे ताजे, कोण वाढणारा, कोण जेवणारा हा भेद राहत नाही. वारीच्या शेवटी काला का, याचा अर्थ आम्हाला असा वाटतो की, पंढरीत जे पाहिले ते घरी नेऊन याप्रमाणे खा.

त्या वर्षी गोपाळपुरात त्या माउलींनी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मुखी काला घातला. त्यांची सूनबाई पुढे झाली आणि म्हणाली, “आत्या, आता आ करा.” म्हातारीने आधी मान हलविली. मग इकडे तिकडे पाहिले, लाजल्यासारखे हसली, आणि तोंड उघडले. पुढल्या वारीत भेटल्या तेव्हा आम्ही प्रकृती विचारली. म्हणाल्या, “आता समदे संगंच बसतो बघा. नातू म्हनतो, आजी बसल्याबिगर मी जेवनार न्हाई. एकादशीला दूध घेते, फळ खाते, डॉक्टरला इचारून गोळी घेते.” आणि जरा थांबून, हळूच, “पांडुरंग काय रागावला न्हाई.”

तो रागावणार नाहीच. आधी पोटोबा की आधी विठोबा, हा वाद आपण घातला आहे. ज्या घरी ताट विठोबाला दाखवून सगळे एकत्र जेवायला बसतात, त्या घरी तो वाद उरत नाही.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!